बोटं गोठली तर ब्रेक कोण दाबणार?

थंडीत मोटारसायकल चालवताना सगळ्यात आधी हात जातात. अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, पण बोटं मात्र वाऱ्याच्या थेट तोंडी. माझा पीएचडीचा विषय पहिल्या महायुद्धातलं दळणवळण, आणि तिथे हा प्रश्न सारखा समोर येतो.

ब्रिटिश सैन्यात निरोप पोचवायला मोटारसायकलस्वार असत. त्यांची एक भरवशाची गाडी म्हणजे ५५० सीसीची ट्रायम्फ मॉडेल एच. युद्धकाळात अशा सुमारे ३०,००० गाड्या सैन्याला मिळाल्या. आता तिच्या हँडलकडे नीट बघा. आपल्यासारखी पिळायची मूठ नाही. पेट्रोल आणि हवा यांचं प्रमाण जुळवायला दोन छोटे लिव्हर, तेही चालता चालता बोटांनी मागेपुढे करायचे. म्हणजे जाड हातमोजा घातला तर लिव्हर कळत नाही, आणि पातळ घातला तर थोड्या वेळाने बोटंच कळत नाहीत! निरोप राहिला बाजूला, गाडी थांबवायची पंचाईत.

यावरचा जुना उपाय म्हणजे हँडललाच कातड्याची किंवा जाड कापडाची पिशवी बांधायची आणि हात आत घालायचा. वारा बाहेर, बोटं मोकळी. दिल्ली-पंजाबकडे थंडीत दुचाक्यांवर दिसतात ती कव्हरं याच जातीची.

वारा इतका का बोचतो, याचं मोजमाप मात्र उशिरा झालं. अंटार्क्टिकाला जाऊन आलेल्या पॉल सायपलने १९३९च्या आपल्या प्रबंधात 'विंड चिल' हा शब्द वापरला. (प्रबंधातला शब्द रोजच्या हवामानाच्या बातम्यांत! आमच्यासारख्यांनी फक्त हेवा करावा.) पुढे त्याने आणि चार्ल्स पॅसेलने तिथल्या वाऱ्यात प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी गोठायला किती वेळ लागतो ते मोजलं. अमेरिका-कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सुधारित सूत्राने ५ अंश तापमानात ताशी ६० किलोमीटरचा वारा उणे २ सारखा लागतो. ते सूत्र चेहऱ्यासाठी आहे हे खरं, पण अंदाज यायला पुरे.

शिवाय अंग गारठलं की शरीर आतल्या अवयवांची ऊब राखायला बोटांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. त्यामुळे नुसते भारी हातमोजे घेऊन भागत नाही. आधी छाती आणि मान झाका. हे ऐकायला उलटं वाटतं, पण हात गरम ठेवणारं रक्त तिकडूनच येतं ना!

बाहेरून ऊब द्यायचे प्रयोगही झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या बीएमडब्ल्यू आर ७५ वर एक्झॉस्टची उष्णता नळीने हातापायांपाशी आणायची सोय होती. १९५६ला जर्मनीत 'एलेफांटेनट्रेफेन' हा मोटारसायकलवाल्यांचा मेळावा सुरू झाला, तोही मुद्दाम ऐन हिवाळ्यात. हौसेला मोल नाही, दुसरं काय! विजेवर तापणाऱ्या मुठी बीएमडब्ल्यूने १९८१च्या सुमारास ग्राहकांना देऊ केल्या.

पण मूठ तळहात तापवते, बोटांची पाठ वाऱ्यातच राहते. म्हणून कडाक्याच्या थंडीत लांब जाणारे लोक तापणाऱ्या मुठींवर वरून ती जुनी पिशवीच चढवतात.