लेसरचा ठिपका : एक की अनेक?

(विशेष प्रतिनिधी)

छत्रपती संभाजीनगर - गुलमंडीच्या एखाद्या गल्लीत समोरच्या भिंतीवर कोणी हिरवा लेसर पॉइंटर रोखला, तर बहुधा एकच गोल ठिपका उमटतो. क्वचित मात्र त्याचे दोन किंवा चार तुकडे पडलेले दिसतात. हा भिंतीचा दोष नव्हे. किरणाच्या आडव्या छेदात प्रकाश कसा विभागला गेला आहे, हे त्यातून कळते. या मांडणीला 'ट्रान्सव्हर्स मोड' म्हणतात.

हिरवा प्रकाश येतो कसा?
अशा अनेक पॉइंटरमध्ये डायोड प्रथम ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश देतो. निओडिमियमयुक्त स्फटिक तो शोषून १०६४ नॅनोमीटरचा लेसर निर्माण करतो. दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी, म्हणजे ५३२ नॅनोमीटर करतो. हाच तो हिरवा रंग.

ठिपका का फुटतो?
दोन आरशांमध्ये प्रकाश ये-जा करत असतो. तबल्याची पुडी कधी एकसंध, तर कधी भागाभागांत कंप पावते, तसेच येथेही घडते. एकसंध रूपाला 'टीईएम शून्य-शून्य' हे नाव आहे. त्यात मध्यभागी प्रकाश सर्वाधिक असून कडेकडे तो कमी होत जातो. डायोडचा झोत या रूपापेक्षा रुंद पडला, आरसे किंचित कलले अथवा स्फटिक तापून भिंगासारखा वागू लागला, की वरची रूपेही जागी होतात आणि ठिपका फुटतो. असा किरण अधिक पसरतो व बारीक बिंदूवर एकवटत नाही.

मराठवाड्याशी नाते
हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहत असलेल्या 'लायगो-इंडिया' प्रकल्पासाठी ही शुद्धता कळीची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेच्या भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. लायगोच्या वेधशाळांत १०६४ नॅनोमीटरचाच लेसर वापरतात. तो आरशांच्या खास रचनेतून गाळून नको असलेली रूपे वगळली जातात.

डोळ्यांना धोका
एकसंध किरणाचा हाच गुण डोळ्यांवर उलटतो. डोळ्याचे भिंग त्याला पडद्यावरील अतिसूक्ष्म बिंदूवर एकवटते. अमेरिकेच्या 'निस्ट' या संस्थेतील संशोधकांनी २०१० मध्ये तपासलेल्या एका स्वस्त हिरव्या पॉइंटरमधून हिरव्यापेक्षा अवरक्त प्रकाशच अधिक बाहेर पडत होता. अवरक्त प्रकाश गाळणारी काच त्यात नव्हती. हा प्रकाश दिसत नसल्याने पापणी मिटत नाही आणि इजा झाल्याचे उशिरा कळते. त्यामुळे ठिपका कितीही सुबक दिसला, तरी पॉइंटर कोणाच्याही चेहऱ्यावर रोखू नये आणि मुलांच्या हाती खेळणे म्हणून देऊ नये.