पेशीतला हमाल

पेशीच्या आत मालाची ने-आण सारखी चालू असते. १९८५ साली अमेरिकेत वुड्स होल येथे माकूल ह्या समुद्रजीवाच्या जाड मज्जातंतूत हा माल ओढणारा हमाल सापडला. कायनेसिन नावाचे हे प्रथिन. पण नुसतं पाहून काय कळणार? माल तिथे पोचतो म्हणून तंतू वाढतो, की तंतू वाढतो म्हणून माल तिथे जातो? माल हलवूनच पाहायला हवा होता! २०१५ साली नेदरलँड्समधील उट्रेख्टच्या शास्त्रज्ञांनी तो हलवला. हमालाला मालाशी बांधायला त्यांनी दोर घेतला तो ओटच्या रोपातल्या प्रथिनाचा (होय, आपल्या गव्हा-जवासारखंच ते धान्य!). निळा प्रकाश पडला की गाठ बसते, दिवा मालवला की सुटते. तंतूच्या टोकाशी ठराविक पिशव्या आणल्या तेव्हा वाढ जोमाने झाली. काढून घेतल्या, तशी ती मंदावली.