एक्सआर्ग्ज: यादी लांब, दार अरुंद

आजच्या भागात एका छोट्या कमांडचा इतिहास बघूया. नाव एक्सआर्ग्ज. काम एकच: नावांची यादी घ्यायची आणि दुसरी कमांड त्या यादीवर पुन्हापुन्हा चालवायची. पण ही वेगळी कमांड लागलीच कशाला?

१९७३ साली युनिक्समध्ये पाइप आला. डग मॅकिलरॉय यांची कल्पना, केन थॉम्पसन यांचं काम. एका प्रोग्रॅममधून बाहेर पडणारा मजकूर सरळ दुसऱ्यात जाऊ लागला. अडचण अशी की फायली उडवणारी आरएम ही कमांड पाइपमधून आलेलं काही वाचतच नाही. तिला नावं लागतात ती कमांडच्या ओळीवर, म्हणजे आर्ग्युमेंट म्हणून.

मग सगळी नावं एकाच ओळीवर का नाही टाकायची? कारण जागा नव्हती. युनिक्सची सहावी आवृत्ती आली १९७५ मध्ये, पीडीपी-११ या १६ बिटी यंत्रावर. नवा प्रोग्रॅम सुरू करताना कर्नल सगळी आर्ग्युमेंट्स ५१२ बाइटांच्या एका बफरमध्ये ठेवायचा. दहा अक्षरी नावं धरली तर जेमतेम चाळीसएक फायली. त्यापुढे गेलात की उत्तर ठरलेलं: यादी फार लांब आहे.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक फायलीसाठी कमांड नव्याने चालवायची. पण १०,००० फायली असतील तर १०,००० वेळा नवी प्रोसेस उभी करायची. त्या काळच्या यंत्रावर हे परवडणारं नव्हतं.

बेल लॅब्सच्या प्रोग्रॅमर्स वर्कबेंच या युनिक्समध्ये, म्हणजे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात, एक्सआर्ग्ज आली. तिने मधला रस्ता काढला. पाइपमधून नावं वाचायची, ओळीत मावतील तेवढी भरायची, कमांड चालवायची, मग पुढची खेप. चाळीस-चाळीसच्या खेपा केल्या तर १०,००० फायलींना २५० फेऱ्या पुरतात. फाइंडने शोधायचं आणि एक्सआर्ग्जने पुढे ढकलायचं, ही जोडी तेव्हापासून जमली ती आजही टिकून आहे.

आता खरी गोम. दोन नावं वेगळी कशी ओळखायची? एक्सआर्ग्जने ठरवलं: मध्ये रिकामी जागा किंवा नवी ओळ आली की नाव संपलं. तेव्हा फायलीचं नाव जास्तीत जास्त १४ अक्षरांचं, त्यात स्पेस कोण टाकणार? पण पुढे मोठी नावं आली आणि स्पेसही आली.

समजा, ‘जमा खर्च’ नावाची जुनी फाइल फाइंडने शोधली आणि एक्सआर्ग्जमार्फत आरएमकडे दिली. एक्सआर्ग्ज तिचे दोन तुकडे करणार: ‘जमा’ आणि ‘खर्च’. ‘जमा’ नावाची फाइल नाही, म्हणून एक तक्रार छापली जाईल. पण त्याच फोल्डरमध्ये ‘खर्च’ नावाची वेगळी फाइल असेल, तर ती गेली! आणि जी काढायची होती ती मात्र जागेवरच.

यावरचा तोडगा डॅन बर्नस्टाइन यांनी सुचवला आणि जीएनयूच्या फाइंड व एक्सआर्ग्जमध्ये तो आला. युनिक्समध्ये फायलीच्या नावात जवळजवळ काहीही चालतं, अगदी नवी ओळसुद्धा. चालत नाही ते तिरकी रेघ आणि शून्य बाइट. मग नावं वेगळी करायला शून्य बाइटच वापरायचा. फाइंडला सांगायचं ‘प्रिंट झिरो’, एक्सआर्ग्जला ‘मायनस झिरो’.

हे मराठी नावांनाही लागू पडतं, बरं का. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ रचलं. त्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, पण त्यातला एकही बाइट शून्य नसतो. म्हणून ‘जमा खर्च’ अखंड पोहोचतं.

दरम्यान दारही रुंदावलं. लिनक्समध्ये २००७ पर्यंत आर्ग्युमेंट्सची मर्यादा १२८ किलोबाइट होती, २.६.२३ या कर्नलपासून ती स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश झाली, म्हणजे नेहमीच्या ८ एमबीच्या स्टॅकवर २ एमबी. शून्य बाइटची सोय पॉसिक्स या प्रमाणात यायला मात्र २०२४ उजाडलं. तरी जुनी सवय अजून तशीच आहे: काही न सांगता चालवलीत, तर एक्सआर्ग्ज आजही स्पेसवरच नाव तोडते. म्हणून आरएमच्या आधी एकदा इको लावून यादी डोळ्यांनी बघा.

भेटू पुढच्या भागात.