शायेन विमान अपघात (१९९६)

शायेन विमान अपघात : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील वायोमिंग राज्याच्या शायेन या राजधानीत ११ एप्रिल १९९६ रोजी झालेला हलक्या विमानाचा अपघात. यात जेसिका डुब्रॉफ ही सात वर्षांची शिकाऊ मुलगी, तिचे वडील व वैमानिक-प्रशिक्षक असे तिघेही मृत्युमुखी पडले. बालवयातील उड्डाणविक्रमांवर अमेरिकेत कायद्याने बंधन आले ते या घटनेमुळे.

जेसिकाला सु. ३३ तासांच्या उड्डाणाचा अनुभव होता. तथापि स्वतंत्र उड्डाणासाठी किमान १६ व खाजगी परवान्यासाठी १७ वर्षे वय आवश्यक असल्याने कायद्याच्या दृष्टीने ती शिकाऊ वैमानिकही नव्हती. प्रमुख वैमानिक प्रशिक्षकच होता. कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथून मॅसॅचूसेट्समधील फॅल्मथपर्यंत जाऊन आठ दिवसांत परत यावयाचे, अशी योजना होती. सर्वांत लहान वैमानिकाच्या विक्रमांची नोंद घेणे गिनीज ग्रंथाने अपघातांच्या भीतीने काही वर्षांपूर्वीच थांबविले होते; तरीही वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी या प्रवासाला अमाप प्रसिद्धी दिली.

१० एप्रिल रोजी निघालेले चार आसनी सेसना १७७ बी जातीचे विमान सायंकाळी शायेनला मुक्कामास थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी गडगडाटी वादळ विमानतळाकडे सरकत होते. दृश्यता कमी झाल्याने उड्डाणासाठी विशेष अनुमती घ्यावी लागली. नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या विमानाकडून कमी उंचीवर वाऱ्याचा वेग अकस्मात बदलत असल्याची सूचनाही आली होती. सकाळी साडेआठच्या सुमारास विमानाने पावसातच उड्डाण केले, उजवीकडे वळण घेतले आणि थोड्याच वेळात ते निवासी वस्तीतील रस्त्यावर कोसळले. जमिनीवर कोणालाही इजा झाली नाही.

शायेनचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सु. १,८७६ मी. उंचीवर आहे. विरळ हवेत एंजिनाची शक्ती घटते व विमान मंद गतीने वर चढते. त्यातच विमानाचे वजन कमाल मर्यादेपेक्षा सु. ४४ किग्रॅ. अधिक होते. वळताना विमान एका बाजूस कलले, की त्याला तोलून धरण्यासाठी अधिक वेग लागतो. तो न मिळाल्यास पंखांवरील उत्थापक प्रेरणा एकाएकी ढासळते व सावरण्याइतकी उंची नसेल, तर विमान कोसळते. शायेन येथे नेमके हेच घडले.

राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने चौकशीअंती, आघाताच्या वेळी विमानाची सूत्रे प्रशिक्षकाच्या हाती होती, असा निष्कर्ष काढला. त्यामुळे अपघाताचा दोष मुलीकडे जात नाही. बिघडत्या हवामानात जादा वजनासह उड्डाण करण्याचा निर्णय व वेग न राखणे ही कारणे मंडळाने नमूद केली. प्रसारमाध्यमांना दिलेल्या शब्दांमुळे आखलेला महत्त्वाकांक्षी कार्यक्रम पार पाडण्याची इच्छा त्या निर्णयास साहाय्यभूत ठरली, असेही मंडळाने म्हटले.

ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कायद्यान्वये, खाजगी परवाना व वैद्यकीय प्रमाणपत्र नसलेल्या व्यक्तीस विक्रम, स्पर्धा किंवा साहसी पराक्रम यांसाठी विमानाची नियंत्रणे हाताळू देण्यास प्रमुख वैमानिकाला मनाई करण्यात आली. उल्लंघन करणाऱ्याचा परवाना रद्द करण्याची तरतूदही झाली. प्रशिक्षकासमवेत मुलांनी केवळ शिकण्यासाठी नियंत्रणे हाताळण्यावर मात्र या कायद्याने बंदी घातलेली नाही.