सदुसष्टची एमजी

एमजी म्हटलं की हल्ली घरच्यांना हेक्टर आठवते. "शेजाऱ्यांची जुनी एमजी चालू करतोय" असं फोनवर सांगितलं, तर नाशिकचा मामा म्हणाला, "अरे, मग सर्व्हिस सेंटरला का नाही नेत?" त्याचं काही चुकलं नाही. २०१९ साली गुजरातेत हलोलच्या कारखान्यातून हेक्टर निघाली आणि तेव्हापासून ते अष्टकोनी चिन्ह आपल्याकडे रस्तोरस्ती दिसतं. पण मी म्हणतोय ती एमजी १९६७ सालची. दोन माणसांपुरती, कापडी टपाची, इंग्लंडात बनलेली आणि इथे कनेक्टिकटमध्ये शेजारच्या गॅरेजात १९८६ पासून झाकून ठेवलेली. तर मामासाठी, आणि मामासारख्या इतरांसाठी, ही जरा लांबलेली हकीकत.

एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डमध्ये विल्यम मॉरिस नावाचा माणूस सायकली दुरुस्त करता करता मोटारी बनवू लागला आणि पुढे लॉर्ड नफील्ड झाला. त्याच्या विक्रीच्या दुकानाचा कारभार सेसिल किंबर बघायचा. मॉरिसच्या साध्यासुध्या गाड्यांवर जरा डौलदार, चपळ बॉड्या चढवून विकाव्यात ही कल्पना त्याची. धंदा वाढला आणि १९२९ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावी, पाव्हलोव्हा नावाच्या चामड्याच्या कारखान्याच्या रिकाम्या भागात एमजीने बस्तान बसवलं. पुढची ५१ वर्षं एमजी म्हणजे अ‍ॅबिंग्डन.

किंबरचं पुढे काही बरं झालं नाही. युद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, वरिष्ठांना न विचारता विमानाच्या भागांचं काम मिळवलं म्हणून त्याला काढून टाकलं. फेब्रुवारी १९४५ मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनातल्या रेल्वे अपघातात तो गेला. आपण रुजवलेलं रोप अमेरिकेत कसं फोफावलं ते बघायला तो राहिला नाही.

कारण खरी भरभराट युद्धानंतरची. ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं, डॉलर हवे होते आणि पोलाद मिळायचं ते निर्यात करणाऱ्याला. इंग्लंडात राहून आलेल्या अमेरिकन सैनिकांनी तिथल्या अरुंद रस्त्यांवर या चिमुकल्या गाड्या पाहिल्या होत्या. बोटीएवढ्या अमेरिकन गाड्यांच्या देशात त्यांना त्याच हव्या झाल्या. एमजी टीडी हे मॉडेल १९५३ पर्यंत जवळजवळ ३० हजार बनलं, त्यातलं बहुतेक अमेरिकेत गेलं. मग १९५५ मध्ये एमजीए आली, तिच्या लाखभर गाड्या झाल्या. आणि १९६२ मध्ये आली एमजीबी. शेजारच्या गॅरेजात आहे ती हीच.

एमजीबीच्या मागचा मुख्य माणूस सिड एनेव्हर. मॉरिस गॅरेजेसमध्ये पोऱ्या म्हणून लागलेला आणि चीफ इंजिनिअर होऊन निवृत्त झालेला. त्याने एक मोठा बदल केला. एमजीएपर्यंत खाली जाडजूड चासी आणि वर बॉडी असा प्रकार होता. एमजीबीत वेगळी चासीच नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे गाडी हलकी, आतून ऐसपैस. पण उघड्या गाडीला छप्पर नसतं, म्हणजे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचं काम दारांखालच्या पट्ट्यांवर येतं. या पट्ट्यांना सिल म्हणतात. त्या बाहेरून एक पत्रा दिसतात, पण आत आणखी दोन थर असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि इंजिन? मामा, आता नीट ऐक. १७९८ सीसीचं हे इंजिन बीएमसीच्या बी-सीरिज घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं धाकटं भावंड १९५९ पासून आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये बसत होतं! मामाची अ‍ॅम्बॅसॅडर उघडून बसलेली असताना पाने देत मी कितीतरी रविवार काढलेत. इथे बॉनेट उघडलं आणि परक्या देशात अचानक गाववाला भेटावा तसं झालं. तोच टॅपेट कव्हरचा आकार, तेच डिस्ट्रिब्युटरचं बाजूला बसणं. "अरे, हे तर आपलंच!" असं मी मराठीत बोललो, तर शेजारच्या आजी बघतच राहिल्या.

या आजींची गोष्ट अशी. त्यांच्या यजमानांनी १९७१ मध्ये ही गाडी सेकंडहँड घेतली. मुलं झाली, दोन सीट पुरेनात, १९८६ च्या हिवाळ्याआधी गाडी आत गेली ती गेलीच. "पुढच्या उन्हाळ्यात काढू" असं दरवर्षी ठरायचं. यजमान २०२१ मध्ये वारले. आता ऐंशी ओलांडलेल्या आजींना घर विकून, जिथे मदतीला माणसं असतात अशा ठिकाणी राहायला जायचं होतं. त्यासाठी पैसे हवे होते आणि गॅरेज रिकामं हवं होतं. एका व्यापाऱ्याने येऊन, टायरवर लाथ मारून, १५०० डॉलर देतो म्हणून सांगितलं. सुटे भाग काढून विकणार होता. आजींचा मुलगा तयार होता, दूर राहतो बिचारा, त्याला कटकट नको होती. आजी मात्र म्हणाल्या, "तिचे तुकडे करू नकोस." मला म्हणाल्या, "तुला यातलं कळतं ना?"

म्हणून एप्रिल २०२३ मध्ये आम्ही दार उघडलं.

इतकी वर्षं बंद असलेल्या गाडीची किल्ली कधीही सरळ फिरवायची नसते. पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला चिकटलेल्या असतात, जोर लावला तर मोडतात. आधी चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात थोडं पातळ तेल सोडलं आणि आठवडाभर तसंच ठेवलं. मग गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून दोघांनी हळूच ढकलली. पहिल्या दिवशी ढिम्म. तिसऱ्या दिवशी 'टक्' असा आवाज आला आणि फॅन बोटभर फिरला. आजी दारात कॉफीचा मग घेऊन उभ्या होत्या, त्या टाळ्या वाजवायला लागल्या.

टाकीतलं पेट्रोल पेट्रोल राहिलंच नव्हतं. जुन्या फर्निचरच्या वार्निशसारखा वास आणि तळाला तपकिरी डिंक. टाकी उतरवली, दोन्ही एसयू कार्ब्युरेटर उघडून धुतले, रबरी नळ्या झाडून सगळ्या बदलल्या. एअर फिल्टरमध्ये उंदरांनी सीटचा काथ्या नेऊन सुखाने संसार थाटलेला होता.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकवर घालवला. त्याचं कारण आहे. अमेरिकेत येणाऱ्या एमजीबीला ब्रेकच्या दोन स्वतंत्र वाटा मिळाल्या त्या १९६८ च्या मॉडेलपासून. सदुसष्टच्या गाडीत एकच वाट. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले! छत्तीस वर्षांचं रबर आतून सुजून बंद झालेलं असतं, बाहेरून मात्र ठणठणीत दिसतं. मास्टर सिलेंडर, चाकांचे सिलेंडर, नळ्या, सगळं नवं. इथे काटकसर नाही.

वायरिंगची वेगळीच गंमत. या गाडीत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, म्हणजे आपल्या सवयीच्या बरोबर उलटं. सीटच्या मागे, फळीखाली, सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. मदतीला आलेला कॉलेजातला भाचा जंपर केबल घेऊन धावला, त्याला आधी खाली बसवून हे समजावलं. १९६७ च्या अखेरीस जी पुढची आवृत्ती आली, तिच्यात हे सरळ झालं.

मे महिन्याच्या शेवटी एका शनिवारी पेट्रोल पंपाची टिकटिक सुरू झाली (एसयूचा पंप मागच्या चाकाजवळ बसून घड्याळासारखा टिकटिकतो), मग टिकटिक थांबली, म्हणजे कार्ब्युरेटर भरले. किल्ली फिरवली. दोन शिंका, एक निळा ढग, आणि चालू! तेलाच्या दाबाचा काटा वर चढला तेव्हा मी श्वास सोडला.

याच सुमारास इंग्लंडातून एक कागद आला. गेडनच्या संग्रहालयात अ‍ॅबिंग्डनच्या उत्पादनाच्या नोंदी जपलेल्या आहेत. चासी नंबर कळवून पैसे भरले की ते दाखला पाठवतात. आजींच्या मते गाडी जन्मापासून लाल. दाखल्यात रंग होता फिका पिवळा, 'पेल प्रिमरोझ'. डिकीच्या गालिच्याखाली खरवडून पाहिलं तर खरंच पिवळा! आजी हसायलाच लागल्या. लग्नानंतर एकदा गाडी महिनाभर "दुरुस्तीला" गेली होती आणि कामाची म्हणून लालभडक होऊन आली होती, हे त्यांना तेव्हा आठवलं.

आता सिल. लोहचुंबक घेऊन दारांखालून फिरवला, तर डाव्या बाजूला हातभर जागेत तो चिकटेचना. पत्रा नाहीच, नुसतं पुट्टीचं लिंपण! इकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते आतल्या थरांत जाऊन बसतं. एका बॉडीवाल्याने सल्ला दिला की पुट्टी भरा, रंग मारा, चकाचक करून द्या, दुप्पट किंमत येईल. मुलालाही ते पटलं. पण हा नुसता दिसण्याचा प्रश्न नव्हता. तो पट्टा म्हणजे गाडीचा कणा, आणि विकत घेणारा त्या कण्याच्या भरवशावर हायवेला लागणार. दुसरीकडे आजींचा पुढचा खर्च त्या किमतीवर थोडा तरी अवलंबून होता. माझे पैसे नव्हते, त्यामुळे मी निर्णय देणारा कोण? मी फक्त भोकात बोट घालून आजींना दाखवलं. त्या म्हणाल्या, "याचाच फोटो सगळ्यात आधी लाव."

लावला. २८ फोटोंच्या जाहिरातीत पहिला फोटो गंजाच्या भोकाचा. सोबत नवीन घातलेल्या भागांची यादी, दाखला आणि इंजिन थंड असताना सुरू करतानाचा व्हिडिओ. सुट्या भागांवर सुमारे २३०० डॉलर खर्च झाला होता.

लोकांनी विचारलं ते बहुतेक सालाबद्दल. अमेरिकेत सदुसष्टच्या एमजीबीला मान आहे, कारण १९६८ पासून इथले सुरक्षेचे आणि धुराचे नियम लागू झाले. पत्र्याचा सुबक डॅशबोर्ड जाऊन उशीसारखा फुगीर आला, इंजिनावर हवेचा पंप चढला. १९७४ च्या शेवटी बंपरच्या उंचीच्या नियमासाठी गाडीच इंच-दीड इंच वर उचलली, क्रोम जाऊन काळे रबरी बंपर आले. नवं मॉडेल बनवायला ब्रिटिश लेलँडकडे ना पैसे ना इच्छा. तरी गाडी खपत राहिली, अठरा वर्षांत ५ लाखांहून जास्त.

शेवटचा घाव घातला तो विनिमयाच्या दराने. १९७६ च्या शेवटी पौंड १.६० ते १.७० डॉलरला होता, १९८० मध्ये २.४० च्या जवळ गेला. तीच गाडी तेवढ्याच डॉलरला विकून हातात येणारे पौंड जवळजवळ एकतृतीयांशाने घटले. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे ९०० पौंड तोटा होतो असं कंपनी म्हणाली. कामगारांना आणि डीलरांना तो हिशेब पटला नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये अ‍ॅबिंग्डनने कारखान्याची पन्नाशी वाजतगाजत साजरी केली आणि लगोलग, १० सप्टेंबरला, एमजी बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ऑक्टोबर १९८० मध्ये कारखान्याला कुलूप लागलं. गिरण्यांचा संप पाहिलेल्या मुंबईकराला त्या गावाचं काय झालं असेल हे वेगळं सांगायला नको.

नाव मात्र हातोहात फिरत राहिलं. २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली, नाव चिनी कंपन्यांकडे गेलं आणि तिथून हलोलला पोचलं. मामा, तुझ्या हेक्टरची वंशावळ ही अशी.

गाडीला शेवटी दोन गिऱ्हाइकं आली. एक डीलर, ९२०० डॉलर देणारा, रंग काढून पुढे विकणार. दुसरा शाळेत वेल्डिंग शिकवणारा मास्तर, ८००० च्या वर जाऊ न शकणारा. तो गाडीखाली पाठीवर झोपून तासभर टॉर्च मारत होता. उठून म्हणाला, "सिल मी स्वतः करीन, मुलांना शिकवता येईल." आजींनी मुलाला फोन लावला, बोलणं जरा तापलं, मी बाहेर जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या आणि मास्तरांना म्हणाल्या, "तुमचीच." १२०० डॉलर सोडले त्यांनी. त्यांच्या दृष्टीने ते कमी नव्हते.

ट्रेलरवर चढताना त्यांनी फक्त किल्लीची चामडी साखळी काढून घेतली.

मास्तर अधूनमधून फोटो पाठवतात. १९८८ पासून इंग्लंडात एमजीबीच्या अख्ख्या बॉड्या मूळच्या साच्यांवर पुन्हा बनू लागल्या, त्यामुळे सिलचे पत्रे नवे मिळतात. तिन्ही थर बसलेत म्हणे.

असो. तुमच्यापैकी कोणाच्या आजोळी गोठ्यात एखादी फियाट, अ‍ॅम्बॅसॅडर किंवा स्टँडर्ड हेराल्ड ताडपत्रीखाली असेल तर दोनच गोष्टी करा. किल्ली फिरवू नका. आणि घरातलं जे कोणी ती चालवत होतं त्यांना, जमेल तेव्हा लवकर, तिच्याबद्दल विचारून ठेवा. रंगाचा उलगडा मला कागदावरून झाला, पण तो का बदलला हे सांगायला त्यांचे यजमान हवे होते.