अजमास आणि एस्टिमेट

मराठी घरांत बांधकाम निघालें कीं 'एस्टिमेट किती?' हा प्रश्न प्रथम येतो. या इंग्रजी शब्दाचें मूळ लॅटिनमध्यें असून 'मोल ठरविणें' हा त्याचा पहिला अर्थ होय. त्याच कामाचा मराठींतील जुना शब्द अजमास. तो पारख या अर्थाच्या फारसी शब्दापासून आला. अटकळ कोणींहि बांधावी; अजमास करणारास मात्र आपल्या आंकड्याचा आधार सांगावा लागतो.

पेशवाईचा कारभार अशाच आंकड्यांवर चाले. पुण्याच्या पेशवे दप्तरांत 'प्रांत अजमास' या नांवाचे कागद आहेत. मामलेदारास प्रांताच्या जमाखर्चाचा बेहडा आगाऊ बांधून मिळे आणि पुढें त्याच्याशीं हिशेब ताडून पाहिला जाई. म्हणजे अजमास हें नुसतें भाकित नव्हतें. जाब विचारण्याचें तें साधन होतें.

इंग्रजी अंमलांत हाच व्यवहार शेतकऱ्याच्या उंबरठ्यावर आला तो आणेवारीच्या रूपानें. पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदाचें किती आणे, हें अधिकाऱ्यांनीं उभ्या पिकावर नजर टाकून ठरवावयाचें. पनवेल तालुक्यांतील कळंबोली हें तेव्हां कुलाबा जिल्ह्याच्या भातशेतीच्या टापूंतील गांव. मुंबई इलाख्याचा सारावसुलीचा नियम त्यालाहि लागू होता. पीक चार आणे वा त्याहून कमी ठरल्यास सारा तहकूब. त्याहून अधिक ठरल्यास पूर्ण तहकुबी नाहीं.

या रेषेपायीं केवढा कलह माजतो हें १९१८ सालीं त्याच इलाख्यांतील खेडा जिल्ह्यांत दिसलें. सरकारी अजमास चार आण्यांहून अधिक, शेतकऱ्यांचा चारांहून कमी. महात्मा गांधींच्या पुढारीपणाखालीं पंचांची मागणी झाली, ती अमान्य झाली व सत्याग्रह उभा राहिला. अखेर सधनांनीं सारा भरल्यास गरिबांस तहकुबी देण्याचें ठरलें. अजमास करावा कीं नाहीं हा वाद नव्हता. तो पारखून पाहण्याचा हक्क कोणाचा, हा होता.

पारखीची शास्त्रीय रीत रूढ करणाऱ्यांत पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे हे दोन मराठी संख्याशास्त्रज्ञ अग्रेसर होते. चिठ्ठी टाकल्याप्रमाणें शेतें निवडावयाचीं, त्यांत ठराविक मापाचा तुकडा आखावयाचा आणि तेथील पीक कापून तोलावयाचें. अशा आंकड्याबरोबर त्यांतील संभाव्य चुकीची मर्यादाहि सांगतां येते.

१९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि पुढें कळंबोलीस लोखंड-पोलादाचा बाजार उभा राहिला. सळईचें वजन काढण्याची या धंद्यांतील रीत सोपी आहे : मिलिमीटरांतील व्यासाचा वर्ग करून १६२ नें भागावें, मीटरमागचे किलो मिळतात. १२ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारें ०.८९ किलो भरते. भारतीय मानकाप्रमाणें तिच्या वजनांत शेंकडा ५ अधिकउणें चालतें. परंतु ही सूट आधींच छापलेली असते. चार आण्यांच्या रेषेशेजारीं अशी सूट कोणीं लिहून ठेविली नव्हती.

१९५७ सालीं दशमान नाणें आलें आणि आणेवारीला पैसेवारी हें नांव मिळालें. नांव बदललें तरी कसोटी तीच राहते. अजमास थोडाबहुत चुकावयाचाच. तो किती चुकूं शकेल हें सांगितलें पाहिजे, आणि ज्याच्या पोटावर ती चूक पडावयाची त्याला तो तपासतां आला पाहिजे.