पंगतीतला पाट

दिवाळीत फराळाची ताटे घरोघर फिरू लागली की जाणती माणसे एक हिशेब मनातल्या मनात ठेवतात. आपले ताट कोणाकोणाकडे गेले, हा तो हिशेब नव्हे. कोणाचे ताट आपल्याकडे आले, हा खरा हिशेब. पैसा असला की ताट पाठवता येते. येणारे ताट मात्र विकत घेता येत नाही. नव्याने श्रीमंत झालेल्या घरांचे सारे दुखणे या एका ताटात मावते.

सत्यजित राय यांच्या १९५८ सालच्या ‘जलसाघर’ या बंगाली चित्रपटात हे दुखणे फार नेमके दिसते. जमीनदार विश्वंभर राय यांची दौलत संपत आली आहे. शेजारचा महिम गांगुली हा सावकाराचा पोर. त्याच्याकडे मोटार आहे, विजेचे दिवे आहेत, नवा बंगला आहे. नाही ती फक्त खानदानी. शेवटच्या मैफलीत नर्तिकेला पहिली बिदागी द्यायला महिम हात पुढे करतो, आणि जमीनदार आपल्या काठीने तो हात अडवतो. पहिला मान यजमानाचा! जमीनदाराची तिजोरी तेव्हा रिकामी झालेली असते. तरी काठी त्याच्याच हातात राहते.

ही झाली पडद्यावरची गोष्ट. आमच्या कोल्हापुरात हाच खेळ पडद्याच्या मागे झाला. कारण इथे ज्यांनी चित्रपट काढले, तेच आपल्या काळचे नवे श्रीमंत होते. आणि पैसा व नाव मिळवूनही पंगतीतला पाट त्यांना सहजासहजी मिळाला नाही.

ही माणसे आली कुठून, ते पाहा. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता त्यांनी कॅमेरा हाताने घडवला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाचे पाठबळ मिळाले ते तानीबाई कागलकर या गायिकेचे. शांताराम वणकुद्रे नावाचा पोरगा हुबळीच्या रेल्वे कारखान्यात काम करून आला होता; १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये तो तरुण शेतकरी झाला. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल आणि केशवराव धायबर हे याच कंपनीत तयार झाले. सीतारामपंत कुलकर्णी यांचे भांडवल घेऊन १ जून १९२९ रोजी या मंडळींनी ‘प्रभात’ची तुतारी फुंकली. हातात कसब, डोक्यात कल्पना, पुढे पैसाही आला. पण ‘सिनेमावाले’ हा शब्द घरंदाज ओसरीवर आवाज खाली करूनच उच्चारला जाई. माझी आजीसुद्धा तो तसाच उच्चारीत असे.

या अनादराची सर्वांत मोठी किंमत मोजली ती बायकांनी. दादासाहेब फाळके यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती सापडेना. शेवटी अण्णा साळुंके या खानावळीतल्या आचाऱ्याला लुगडे नेसवावे लागले. बाबूरावांनी १९२० च्या ‘सैरंध्री’त मात्र पुरुषाला पातळ नेसवले नाही. गुलाबबाई आणि अनसूयाबाई अशा दोघी पुढे आल्या. पडद्यावर त्यांची नावे कमलादेवी आणि सुशीलादेवी झाली, आणि पडद्याबाहेर त्यांच्या समाजाने त्यांना वाळीत टाकले. राहायला जागा उरली ती स्टुडिओचीच. तिथेच त्या राहिल्या, कंपनीच्या माणसांबरोबर रांधू-वाढू लागल्या. ज्या चित्रपटावर खूश होऊन लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरविले, त्याच चित्रपटाच्या नायिकांना गावात उंबरठा उरला नव्हता.

मग दार उघडले कसे? इथे इतिहासाने एक गंमत केली. बाहेरचा माणूस कितीही धडका मारो, दार उघडते ते आतल्या माणसाच्या हाताने. दुर्गा खोटे या मुंबईच्या लाड घराण्यातल्या. शिक्षण इंग्रजी शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात, सासर खोट्यांसारखे श्रीमंत. पुढे सासरची स्थिती खालावली, आणि १९३१ साली ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी एक लहानशी भूमिका केली. कुलीन घरची सून सिनेमात, म्हणून टीकेचा भडिमार झाला. अशा वेळी शांतारामबापूंनी त्यांना कोल्हापुरास आणले आणि तारामतीची भूमिका दिली. समोर हरिश्चंद्र कोण? तर संगीतात ज्यांचा दबदबा होता ते गोविंदराव टेंबे. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट झळकला.

योग पाहा! ज्या तारामतीसाठी १९१३ साली स्त्री मिळाली नव्हती, तीच तारामती एकोणीस वर्षांनी मुंबईच्या बड्या घरची सून झाली. कथेतली राणी राज्य गमावून दासी होते. आणि ती दासी रंगवणाऱ्या बाईंनी एका हलक्या समजल्या जाणाऱ्या धंद्याला आपल्या घराण्याची अब्रू उसनी दिली. त्यानंतर शिकल्या-सवरलेल्या घरांतल्या मुलींना या वाटेने जाणे थोडे सोपे झाले.

राजवाडा तर मध्यमवर्गाच्याही आधी पुढे सरसावला. १९३३ साली ‘प्रभात’ पुण्यास गेली, तेव्हा राजाराम महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापूर सिनेटोन उभी राहिली. अक्कासाहेब महाराजांच्या आश्रयाने शालिनी सिनेटोन निघाली. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा जगातल्या उत्तम चित्रपटांत गौरव झाला, आणि कुजबुजणाऱ्या ओसऱ्या अभिमानाने बोलू लागल्या.

आज खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. माझ्या वर्गातली मुले त्याच्यासमोर फोटो काढून घेतात, आणि ‘मी सिनेमात जाणार’ असे एखादी मुलगी सांगते तेव्हा तिचे वडील पेढे वाटायच्या तयारीत असतात. चांगलेच आहे.

पण त्या मुलींना मी एक गोष्ट सांगतो. दुर्गाबाईंना १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि तो रास्तच होता. त्यांच्यापाशी पणाला लावायला एक मोठे नाव होते. गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांच्यापाशी तेही नव्हते. होते ते नावसुद्धा पडद्यावर बदलले गेले. पंगतीत पाट मांडला गेला तेव्हा वाढणारे नवे होते, जेवणारे नवे होते. ज्यांनी चूल पेटवली त्या दोघींना मात्र कोणी हाक मारली नाही.

यंदा फराळाचे ताट पाठवताना शेजारच्या घरांवर नजर फिरवावी. ज्या दारी आपले ताट आजवर गेले नाही, असे एखादे दार निघेलच.